सवाल नागोजीचा, गळा राणबाचा

ऐकणारे शेंबडे असोत की पिकल्या केसांचे, गोष्ट ऐकताना सगळ्यांनी एकाच घोंगडीवर बसावं. ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही.

एका डोंगराळ राज्यात एक नदी होती आणि नदीच्या काठी दोन गावं होती. एक वरचं, एक खालचं. दोन्हींच्या मध्ये दगडी बंधारा होता. बंधाऱ्याच्या खाचेत लाकडी फळ्या घातल्या की पाणी वरच्या गावाला तुंबायचं, आणि काढल्या की खालच्या गावाला मिळायचं. दर उन्हाळ्यात त्या फळ्यांवरून डोकी फुटायची. शेवटी राजा कंटाळला. त्यानं दोन्ही पाटलांना बोलावून बजावलं, की आजपासून काठ्या-कुऱ्हाडी बंद. भांडल्याशिवाय जेवण जात नसेल तर तोंडानं भांडा, पण तालात भांडा.

तेव्हापासून दर चैत्रात देवीच्या जत्रेला दोन्ही गावांचे शाहीर भर दुपारी वडाखाली समोरासमोर उभे राहू लागले. एकानं डफावर थाप मारून सवाल घालायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. निवाडा बाहेरच्या बारा गावांच्या जत्रेकरूंनी करायचा, कारण त्या पाण्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येकाच्या हाती झेंडूचं एक फूल असायचं. ज्याच्या डफावर फुलं जास्त, तो जिंकला, आणि पावसाळ्यापर्यंत बंधाऱ्याच्या फळ्या त्याच्या गावाच्या ताब्यात.

आणखी एक नियम होता. जवाब देणाऱ्यानं आधी समोरच्याचा सवाल शब्दन् शब्द परत गाऊन दाखवायचा. सवाल समजलाच नाही आणि जवाब मात्र हजर, असं होऊ नये म्हणून जुन्या माणसांनी तो घालून दिला होता.

खालच्या गावाचा शाहीर होता नागोजी. त्याच्यासारखी शब्दांची वीण पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. त्याचा सवाल डावीकडून वाचला तर देवीची स्तुती निघायची, उजवीकडून वाचला तर राजाची, आणि वरून खाली वाचला तर काय निघायचं ते एकटा नागोजी जाणे. एकेका सवालावर तो चार-चार महिने बसायचा. बायको जेवायला हाक मारून थकायची आणि हा भिंतीवर कोळशानं अक्षरं मोजत राहायचा.

तरुणपणी एका जत्रेत समोरच्या शाहिराला त्याचा सवाल परत म्हणता येईना. बिचारा तीनदा अडखळला. तेव्हा नागोजी हसून म्हणाला, की राहू द्या, माझा सवाल तुमच्या जिभेला झेपायचा नाही, नियमाला माझी माफी आहे. जत्रा खूप हसली. नागोजीची मान ताठ झाली. त्या दिवशी जो नियम मोडला तो मोडलाच, पुन्हा कुणी पाळला नाही. नागोजीचे शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याची एकुलती एक वाट होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली. हुशार माणसाला मूर्खपणा करायचा असला की तो असा ऐटीत करतो.

वर्षं गेली. नागोजी म्हातारा झाला, आवाज बसला, आणि वरच्या गावाला राणबा नावाचा नवा शाहीर मिळाला. राणबाच्या गाण्यात दिवा घेऊन शोधलं तरी काही सापडत नसे. पण तो उभा राहिला की जत्रेतला पाळणा थांबायचा. तो डफ डोक्यावर फिरवायचा, एका पायावर गिरकी घ्यायचा, फेट्याचा शेमला उडवायचा, बायाबापड्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून गायचा. त्याचा शब्दन् शब्द नदीपलीकडे धुणं धुणाऱ्यांनासुद्धा ऐकू येई. लोक शिट्ट्या मारत. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारावं की काल राणबा काय गायला, तर ते एकमेकांकडे बघत आणि सांगत, काय ते ठाऊक नाही, पण मजा आली.

तीन वर्षं ओळीनं राणबा जिंकला. तीन उन्हाळे खालच्या गावाला पाणी नव्हतं. मळे करपले, विहिरींना तळ दिसला, अकरा घरं उठून गेली. उरलेल्यांनी देवळात बसून ठरवलं, की यंदाही हरलो तर गावच उठवायचं. घराघरांत गाठोडी बांधून तयार होती. आता गाव राहतं की जातं, हे एकट्या नागोजीच्या गळ्यावर आलं होतं, आणि तो गळा दोन कडवी झाली की खरखरायला लागायचा.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाटील त्याच्याकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग अडखळत म्हणाला, की यंदा जरा सोपं गाता आलं तर बघा, जमलं तर दोन गिरक्याही घ्या. पाटील गेल्यावर नागोजी बायकोला म्हणाला, "पाटलाला काय कळतंय त्यातलं?"

सगुणा चुलीपुढं बसली होती. तिनं मागं न बघताच सांगितलं, "मलाबी कळत न्हाई. चाळीस वर्सं ऐकतीया. तुमी म्हनता चांगलं हाय, म्हनून मी म्हनते चांगलं हाय."

नागोजीला राग आला नाही. राग यायला अंगात थोडं बळ लागतं. तो नुसता भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत बसला. त्याच्या मनाला एकच आधार होता. वडाखाली पुढच्या दगडावर एक म्हातारे रसिक बसत. त्यांना सगळे जाणते बाबा म्हणत. पूर्वी असे पाच जाणते होते, चार देवाघरी गेले, हे एक उरले. जत्रा जांभया देत असली तरी जाणते बाबा नागोजीच्या प्रत्येक ओळीला मान डोलवायचे. सगळं जग बहिरं झालं तरी ती एक मान डोलते आहे तोवर आपण वाया गेलो नाही, असं नागोजी स्वतःला समजावत आला होता.

जत्रेच्या दिवशी ऊन रणरणत होतं. गेल्या वर्षीचा विजयी म्हणून पहिलं बोलायचा मान राणबाचा. त्यानं डफावर अशी थाप मारली की वडावरचे कावळे उडाले. मग नागोजीकडे बोट करून तो लोकांना म्हणाला, की बुवांचा सवाल म्हणजे कापा की बरका ते न सांगता दिलेला फणस, गरा मिळेपर्यंत हात चिकानं भरतात आणि भूक मरून जाते. जत्रा खो खो हसली. नागोजीलाही मनातून पटलं की फणस बरोबर आहे, आणि ते पटल्यामुळे त्याला जास्त लागलं.

मग नागोजीनं आपला पहिला सवाल घातला. पाच तत्त्वं, पंचवीस गुण, देहाचे नऊ दरवाजे, सगळं त्यात ओवलेलं होतं. दुसऱ्या कडव्यालाच आवाज बसला. बायका पोरांच्या झबल्यांचे बंद बांधू लागल्या. मागं रेवडीवाल्याकडे गर्दी वाढली. नागोजी कुणाकडेच बघत नव्हता. त्याचे डोळे जाणत्या बाबांवर होते, आणि बाबांची मान अगदी समेवर डोलत होती. राणबानं सवालाला हातही न लावता दोन गिरक्या घेतल्या, एक चावट चुटका फेकला आणि टाळ्या घेऊन बाजूला झाला.

मग डफ शेकायला थोडी उसंत असते. कातडं सैल पडतं, म्हणून गवताचा जाळ करून त्यावर धरायचं. नागोजीनं डफ शेकला आणि पाय ओढत जाणत्या बाबांकडे गेला. बाबांची सून त्यांना ताक पाजत होती. तिसरं कडवं कसं वाटलं, असं नागोजीनं वाकून विचारलं. बाबा गोड हसले आणि त्यांनी मान डोलवली. नागोजीनं पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा मान डोलवली.

सुनेनं नागोजीला दोन पावलं बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बुवा, कुनाला सांगू नगासा. त्यास्नी सा वर्सं झाली, कायबी ऐकू येत न्हाई. तुमचा हात डफावर पडताना दिसतो, तवा मान हालवत्यात. बसायचा मान जाईल म्हनून आमी घरचे गप ऱ्हातो."

सहा वर्षं. नागोजी तिथंच खाली बसला. सहा वर्षांचे कोळसे, सहा वर्षांच्या थंड झालेल्या भाकऱ्या, आणि ऐकणारा कोण, तर जो फक्त हात बघत होता. त्याला रडू आलं नाही. एवढंच वाटलं की आपण फार थकलो आहोत, आणि हा थकवा आजचा नाही.

दुसऱ्या फेरीची हाक आली. वर्षभर घासलेला सतरा गाठींचा सवाल त्याच्या डोक्यात तयार होता. तो त्यानं तिथंच सोडून दिला. कुणासाठी म्हणायचा? समोर त्याला खालच्या गावची माणसं दिसली. ती शिट्ट्याही मारत नव्हती आणि जांभयाही देत नव्हती. आपलं काय होणार एवढंच त्यांच्या तोंडावर होतं. नागोजीनं डफ छातीशी धरला आणि त्या क्षणी जे तोंडात आलं ते म्हटलं. त्यात ना तत्त्वं होती, ना दरवाजे. पण अक्षरं मोजायची चाळीस वर्षांची सवय थोडीच जाते? चारही ओळी मापात पडल्या.

आवाज मात्र घोगरा होता, आणि नजर सवयीनं जमिनीकडे होती. नागोजीचा सवाल म्हणजे समजायचं नाहीच, हे गृहीत धरून लोक आधीच आपापल्या गप्पांत होते. पुढच्या चार माणसांपलीकडे एक अक्षर गेलं नाही. राणबा नेहमीप्रमाणे गिरकी घ्यायला पुढं आला.

तेव्हा नागोजीनं हात वर केला. म्हणाला, "थांब. आधी सवाल परत म्हण. जुना नियम हाय."

राणबा थबकला. फुलं मोजायला आणि नियम सांभाळायला वडाखाली पंच बसत, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या पंचाला नियम आठवत होता. नागोजीनंच तो माफ केला होता, हेही आठवत होतं. नागोजी म्हणाला की त्या वेळी माझी अक्कल लहान होती, ती माफी मी आज परत घेतो. पंचांनी मान्य केलं.

आता राणबाला जसंच्या तसं गाणं भाग होतं. आणि राणबाला अर्धवट गाणं ठाऊकच नव्हतं. त्यानं सवयीनं छाती भरून घेतली, चेहरा लोकांकडे केला, हात उंचावला आणि नदीपलीकडे जाईल अशा आवाजात नागोजीचे शब्द उचलले:

एक लेकरू मांडीवरती, एक उभे दाराशी,
एक जेवते भरल्या ताटी, एक निजते उपाशी;
दोघांचीही आई एकच, धावत येई माय,
सांग शाहिरा, वाटेमध्ये कुणी बांधले पाय?

पहिल्या ओळीला लोक वळले. दुसरीला रेवडीवाल्याचं ओरडणं थांबलं. तिसरीत राणबानं ‘माय’ या शब्दावर सूर धरून ठेवला, आणि त्याच वेळी समोर बसलेल्या त्याच्याच गावच्या बायकांनी माना खाली घातल्या. पाय कुणी बांधले हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बंधारा वडाखालूनच दिसत होता.

शेवटची ओळ गाताना राणबाचा स्वतःचाच आवाज हलला. त्याला जवाब द्यायचा होता, आणि खरा जवाब एका शब्दाचा होता: आम्ही. तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. मग त्यानं सवयीनं एक चुटका फेकला. दोन-चार जण हसले आणि लगेच गप्प झाले. राणबानं डफ खाली ठेवला.

निवाड्याची वेळ झाली. बारा गावांची माणसं फुलं घेऊन उठली. डोळे पुसत एक म्हातारी पुढं आली. नागोजीनं आपला डफ थोडा पुढं सरकवला, कारण ती त्याच्याच चार ओळींनी रडत होती. ती त्याच्या डफावरून पुढं गेली, राणबाच्या डफावर फूल ठेवलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय गायलास रं लेकरा."

तिच्यामागून सगळे तसेच गेले. त्यांनी ते शब्द राणबाच्या तोंडून ऐकले होते, म्हणून ते राणबाचे. झेंडूच्या ढिगाखाली राणबाचा डफ दिसेनासा झाला. नागोजीच्या डफावर सात फुलं होती. ते माझे शब्द आहेत, असं ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही, पण घशातून नुसती हवा आली.

खालचं गाव हरलं. कुणी नागोजीला बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. लोक मुकाट्यानं घरी गेले आणि गाठोडी बैलगाडीत चढवू लागले. नागोजी ओट्यावर बसून राहिला. सगुणेनं विचारलं की जात्याचं काय करायचं, घ्यायचं की ठेवायचं. तो म्हणाला, तुला वाटेल ते कर.

पण वरच्या गावात निराळंच काही चाललं होतं. राणबाची आजवरची गाणी जत्रेतच राहायची, हे मात्र लोकांबरोबर घरी आलं. बाया दळताना तेच म्हणत, पोरं गुरांमागं तेच म्हणत. बंधाऱ्याचा राखण्या फळ्या ठोकायला बसला की काठावर धुणं धुणारी एखादी गुणगुणायची, कुणी बांधले पाय. त्याचा हात थांबायचा. वरच्या पाटलानं गाणं म्हणायला बंदी घातली. बंदी घातल्यावर ज्यांना येत नव्हतं त्यांनीही ते शिकून घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी वरच्या गावच्या बायकांनी बंधाऱ्यावर जाऊन निम्म्या फळ्या उपसून काठावर टाकल्या. पाटील धावत आला. तेव्हा त्याची स्वतःची आई त्याला म्हणाली, "बांधायचं आसंल तर तुझ्या हातानं बांध. आमच्यानं आता हुईत न्हाई." पाटील फळीकडे बघत उभा राहिला आणि मग घरी निघून गेला. त्या उन्हाळ्यापासून पाणी निम्मं-निम्मं झालं.

खालच्या गावात पाणी पोहोचलं तेव्हा गाड्या जुंपलेल्या होत्या. लोकांनी बैल सोडले. राणबाच्या गाण्यानं पाणी आणलं, ही बातमी पाण्याच्या आधीच येऊन पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी गावानं राणबाला फेटा आणि नारळ द्यायचं ठरवलं. शाहिराचा मान शाहिराच्या हातून व्हावा, म्हणून पाटलानं ते ताट कुणाच्या हाती दिलं असेल? नागोजीच्या. आणि नागोजी गेला. पायांना वाट नकोशी झाली होती, तरी चार माणसांबरोबर राणबाच्या घरी गेला.

ताट बघून राणबाचा चेहरा उतरला. त्यानं सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून नागोजीचे पाय धरले. म्हणाला, "बुवा, तुमचे समदे सवाल मला पाठ हाईत. वर्सभर घोकायचो. जवाब सुचायचा न्हाई, म्हनून उड्या मारायचो. आता भाईर जातो आन् सांगतो, गानं तुमचं हाय."

जाणत्या बाबांची मान खोटी निघाली होती, आणि ज्याच्याशी उभा दावा मांडला तोच एकटा इतकी वर्षं कान देऊन ऐकत होता. नागोजीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मग त्यानं राणबाला उठवलं, स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला फेटा बांधला आणि म्हणाला, "सांगू नगंस. माजं हाय म्हटलं तर लोक पुन्हा ऐकायचं बंद करतील."

बोध असा: शब्द कितीही खोल असला तरी तो दुसऱ्याच्या तोंडी बसला तरच कामाला येतो, आणि एकदा बसला की तो कुणाचा हे विचारायचं नसतं.